इरावती कर्वे : मोजपट्टी घेऊन फिरलेल्या विदुषी



थोर व्यक्तींच्या मालिकेत आज आपण इरावती कर्वे यांची ओळख करून घेणार आहोत. बहुतेकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत असतात. मलाही डी.एड. करताना तेवढंच माहीत होतं. पण आजचं निमित्त जरा वेगळं आहे. निमित्त आहे शिंप्याकडची कापडी टेप.

झालं असं, की मागच्या पालक सभेनंतर सातवीतल्या एका मुलीची आई थांबून राहिली. मुलीनं मोठ्या बहिणीच्या मोबाइलवर एक अ‍ॅप पाहिलं होतं. घरातल्या टेपनं मान, कंबर आणि नितंबाचा घेर मोजायचा, उंची टाकायची, की अ‍ॅप शरीरात किती टक्के चरबी आहे ते सांगतं. हिला आकडा आला तिसाच्या वर. तेव्हापासून मुलीनं रात्रीची भाकरी सोडली. सकाळी प्रार्थनेला उभी असताना दोनदा चक्कर आली, ती का आली हे आम्हाला तोपर्यंत कळलंच नव्हतं. आईचा प्रश्न साधा होता, हा आकडा खरा असतो का? मला उत्तर देता आलं नाही. पाहून सांगतो म्हटलं आणि घरी आलो.

उत्तर शोधायला बसलो आणि पुस्तकं चाळता चाळता इरावतीबाईंपाशी येऊन थांबलो. कारण माणसाचं शरीर मोजायचं आणि त्या मापावरून कुठपर्यंत बोलायचं, हा प्रश्न या बाईंनी आयुष्यभर वागवला. तोही आपल्या महाराष्ट्रात, कळंबला येतं तसंच ऊन आणि धूळ खात.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथं एका कापूस कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशाची मोठी नदी इरावती, तिचंच नाव मुलीला ठेवलं. (वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच आपापल्या नावाचा अर्थ विचारायला लागतात, त्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवा.) सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथं रँग्लर परांजपे यांची मुलगी शकुंतला ही त्यांची वर्गमैत्रीण. पुढे परांजप्यांच्या घरीच त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. त्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि मुलीच्या जातीनं किती शिकावं याला मर्यादा नव्हती. आजही आपल्याकडे दहावीनंतर मुलीचं काय करायचं यावर घरात खलबतं होतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं हे घर आठवावं.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली त्या तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. झाल्या. मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम.ए. झाल्या. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनंही जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी असं त्यांना वाटत होतं. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेनं परदेशी जाणं फारसं पसंत नव्हतं. शेवटी डॉ. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जाऊ पैशांवर इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या.

इथून पुढचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आपल्या टेपच्या प्रश्नाची गाठ इथंच आहे.

बर्लिनमध्ये १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा निघाली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हा तिचा विषय. प्रमुख होते ऑयगेन फिशर. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. त्या काळात युरोपातले कितीतरी विद्वान असं मानत, की माणसाची डोकी, नाकं, कवट्या मोजल्या की कोणता वंश हुशार आणि कोणता मागास ते सांगता येतं. आपल्याकडेही हे लोण आलं होतं. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाची रुंदी आणि जातीचा समाजातला दर्जा यांचा संबंध जोडून दाखवला होता. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा मथितार्थ. आज ऐकताना हसू येतं, पण ही मापं अगदी काटेकोर उपकरणांनी घेतलेली होती, तक्ते होते, सरासऱ्या होत्या. वाचणाऱ्याला ते शास्त्रच वाटायचं.

फिशर यांचा विचार असा होता, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्याच्यामुळे तो जास्त तर्कशुद्ध विचार करतो आणि त्याला जागा करून देण्यासाठी त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. इतर वंशांत तसं आढळणार नाही. इरावतीबाईंना विषय मिळाला तो हाच. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजायचा.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कुणी विचारून त्या आणल्या नव्हत्या, हेही मुलांना (निदान वरच्या वर्गांना) सांगायला हवं. हाडावर ठरलेल्या खुणा असतात. त्या खुणांपासून कॅलिपर लावायचा, डावीकडचं माप, उजवीकडचं माप, नोंद. पुन्हा पुढची कवटी. परक्या देशात, परक्या भाषेत हे काम त्यांनी नेटानं केलं.

निष्कर्ष काय निघाला? कवटी थोडी वाकडीतिकडी असणं हे सगळीकडेच आढळतं, आणि त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. म्हणजे गुरूंच्या म्हणण्याला आधार नाही. आता विचार करा. कर्ज काढून आलेली मुलगी, पदवी ज्यांच्या हातात आहे त्यांचाच सिद्धान्त खोटा ठरतोय. एखाद-दोन कवट्या बाजूला ठेवता आल्या असत्या, निष्कर्ष थोडा गुळमुळीत लिहिता आला असता. त्यांनी जे दिसलं ते तसंच लिहून दिलं. फिशर यांनी त्यांना उत्तीर्ण केलं, पण सर्वांत खालची श्रेणी देऊन. १९३० मध्ये डॉक्टरेट झाली, प्रबंध १९३१ साली छापला गेला. पुढे फिशर हिटलरच्या राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि वंशशुद्धीच्या त्या भयानक राजकारणाला त्यांच्या संस्थेनं शास्त्राचा मुलामा दिला. इरावतीबाईंच्या प्रबंधाची तेव्हा कुणी दखल घेतली नाही.

या प्रसंगात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. कवटी हे मोजायला शरीरातलं सर्वांत सोपं अंग. ती श्वास घेत नाही, जेवत नाही, पोट आत ओढत नाही. दोन वेगळ्या माणसांनी मोजली तरी माप जवळपास तेच येणार. तरीही त्या मापावरून काढलेला अंदाज साफ चुकीचा होता. माप बरोबर असणं आणि मापावरून काढलेली गोष्ट बरोबर असणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

आता आपल्या टेपकडे येऊ. इथं तर पहिल्या पायरीलाच पाय घसरतो.

मी पाचवीच्या वर्गात एक प्रयोग केला. लांबीचं मापन हा घटक चालूच होता. टेप दिली आणि सात मुलांना एकेक करून माझी कंबर मोजायला लावली, बेंबीच्या पातळीवर, शर्टावरूनच. बाकीच्यांनी वहीत लिहायचं. वर्गात काय हशा पिकला ते विचारू नका. सगळ्यांत कमी माप आलं ८९ सेंटिमीटर, सगळ्यांत जास्त ९५. माणूस तोच, टेप तीच, तास तोच. मग मुलांनीच कारणं शोधली. एकानं टेप घट्ट ओढली, एकानं सैल ठेवली. एकीची टेप पाठीमागं खाली घसरली होती. मध्ये मी श्वास सोडला. एकानं टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी धरलीच नाही, एक सेंटिमीटरपासून मोजलं. आणि एक पोरगा म्हणाला तेही खरंच, की मधली सुट्टी होऊन गेलीय, सरांनी डबा खाल्लाय.

घरी येऊन मी हे आकडे त्या सूत्रात टाकले. घरगुती टेपवरून चरबी सांगणारी बरीच अ‍ॅप्स एकच सूत्र वापरतात. ते अमेरिकेच्या नौदलातल्या संशोधकांनी १९८४ साली बसवलं. पुरुषांसाठी मान, कंबर आणि उंची. बायकांसाठी त्यात नितंबाचा घेरही. माझी उंची १७० आणि मान ३८ सेंटिमीटर धरली, तर ८९ कंबरेला उत्तर येतं सुमारे २१ टक्के आणि ९५ ला २५ टक्के. म्हणजे मधल्या सुट्टीनंतरच्या दहा मिनिटांत माझ्या अंगावर चार टक्के चरबी चढली आणि उतरली! कंबरेचं माप एक सेंटिमीटर इकडचं तिकडं झालं, की उत्तर पाऊण टक्क्याच्या आसपास हलतं. मान एक सेंटिमीटर चुकली तरी तेवढंच. आणि अ‍ॅप उत्तर देतं ते दशांश चिन्हासकट. त्या दशांशामुळेच पोरीचा विश्वास बसला असणार.

बरं, माप अगदी अचूक घेतलं असं समजू. तरी दुसरी पायरी राहतेच. टेप चरबी मोजत नाही, घेर मोजते. नौदलाच्या संशोधकांनी काय केलं, तर आपल्या जवानांना पाण्यात बुडवून त्यांचं वजन केलं. आर्किमिडीजची गोष्ट आपण सहावी-सातवीला सांगतो, तेच तत्त्व. चरबी पाण्यापेक्षा हलकी, तिची घनता साधारण ०.९. स्नायू, हाडं, पाणी वगैरे बाकीच्या शरीराची घनता साधारण १.१ धरतात. पाण्यातल्या वजनावरून शरीराची घनता काढायची, घनतेवरून चरबीचा अंदाज. मग त्या जवानांची मान-कंबर मोजून, या घेरावरून ती घनता सांगता येते का ते पाहिलं आणि सूत्र बसवलं. म्हणजे टेपवरून घनतेचा अंदाज आणि घनतेवरून चरबीचा अंदाज, असा अंदाजावर अंदाज. ज्यांच्यावर हे बसवलं ते अमेरिकन नौदलातले प्रौढ, कसरत करणारे स्त्री-पुरुष. त्यांच्यातही एकेका माणसाचं उत्तर तीन-साडेतीन टक्क्यांनी इकडं तिकडं जाणं अगदी नेहमीचं. मग कळंबमधल्या बारा वर्षांच्या, नुकत्याच वाढीला लागलेल्या मुलीला ते सूत्र कसं लागू होईल? या वयात मुलींच्या अंगावर, विशेषतः कंबरेखाली चरबी येणं हा निसर्गाचा भाग आहे. सूत्राला ते माहीतच नाही.

एकेकाचं उत्तर चुकतं तरी सूत्र शास्त्रीय कसं, असं कुणी विचारेल. हेच समजून घ्यायला मला इरावतीबाईंचं पुण्यातलं काम उपयोगी पडलं.

जर्मनीहून आल्यावर काही वर्षं त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. कागदपत्रांच्या त्या कामात त्यांचा जीव रमला नाही. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि तिथल्याच झाल्या. मग सुरू झाली भटकंती. कॅलिपर, टेप, उंची मोजायचा दांडा अशी उपकरणं घेऊन त्या गावोगाव फिरल्या. कधी विद्यार्थी बरोबर, कधी स्वतःची मुलं. कुणाच्या ओसरीवर बसून डोक्याची लांबी, रुंदी, नाक, उंची मोजायची. अनोळखी बाई येऊन आपलं डोकं चिमट्यात धरते म्हटल्यावर गावकऱ्यांना काय वाटत असेल याची कल्पना करा. गुजरातमध्ये लांघणज इथं डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर उत्खननातही त्या होत्या. तिथं अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या.

महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचं त्यांचं मोठं पुस्तक १९५१ साली आलं. त्याचे सहलेखक वि. म. दांडेकर. हेच पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून गाजले, पण मूळचे संख्याशास्त्राचे. मोजमाप इरावतीबाईंचं होतं, तरी त्यांनी संख्याशास्त्रज्ञ जोडीला घेतला. कारण दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला, तरी तो खरा फरक की योगायोग हे नुसतं बघून कळत नाही. शिवाय सरासरी ही गटाची असते. पाचवी अ ची सरासरी उंची पाचवी ब पेक्षा जास्त असू शकते, म्हणून अ मधलं प्रत्येक पोर ब मधल्या प्रत्येकापेक्षा उंच नसतं. दोन्ही वर्गांना एकत्र उभं केलं तर कोण कुठल्या तुकडीचं ते उंचीवरून सांगता येणार नाही. नौदलाचं सूत्रही असंच आहे. हजार जवानांच्या गटाची सरासरी चरबी ते बऱ्यापैकी सांगेल. एका मुलीची सांगायला गेलं की पंचाईत.

या सगळ्या मोजणीवरून इरावतीबाईंनी एक वेगळंच म्हणणं मांडलं. एकाच नावाच्या जातीतले निरनिराळे गट, उदाहरणार्थ वेगवेगळ्या प्रकारचे कुंभार किंवा ब्राह्मणांच्या निरनिराळ्या शाखा, शरीराच्या मापांत एकमेकांच्या जवळ असतीलच असं नाही. म्हणजे आधी एक मोठी जात आणि मग तिचे तुकडे पडून पोटजाती, असं झालेलं नसावं. मुळात वेगवेगळे गट, धंदा सारखा म्हणून एका नावाखाली आले असावेत. हे म्हणणं त्यांचे मुंबईचे गुरू घुर्ये यांच्या मताच्या विरुद्ध जाणारं होतं. एक गुरू बर्लिनचे, एक मुंबईचे, दोघांशीही मतभेद!

पण खरं सांगायचं तर या ठिकाणी माझं मन थोडं अडखळतं. बर्लिनमध्ये ज्या बाईंनी मापावरून मोठं विधान करायला नकार दिला, त्याच इथं डोक्याच्या आणि नाकाच्या मापांवरून जातींच्या उगमाबद्दल बोलतात. अमेरिकेत फ्रांझ बोआस यांनी त्याआधीच, १९११-१२ च्या सुमारास, दाखवलं होतं की स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा वेगळा निघू शकतो. म्हणजे डोक्याची मापं नुसत्या रक्ताची गोष्ट सांगत नाहीत. खाणंपिणं, राहणीमान यांचाही त्यात वाटा असतो. नंतरच्या अभ्यासकांनी इरावतीबाईंच्या या भागावर टीका केली आहे आणि ती मला पटते. आज असले प्रश्न डीएनएच्या आधारे अभ्यासले जातात. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. रिस्ले यांनी मापांवरून कोण वरचा, कोण खालचा ते ठरवलं. इरावतीबाईंनी मापं वापरली ती कोण कुणाच्या जवळचा ते पाहायला. उच्चनीचता त्यात त्यांनी आणली नाही.

त्यांच्या गावची, म्हणजे पुण्याचीच एक अलीकडची गोष्ट इथं जोडतो, कारण तिच्याशिवाय आईच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं दिली. उंची-वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही २२.३. अगदी सारखा. डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! त्यातले एक मॅरेथॉन पळणारे आणि दुसऱ्यांचं पळणं म्हणजे रुग्णालयाची लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठणं, अशी मिश्किल कबुलीही त्यात आहे. पण गोष्ट नुसत्या व्यायामाची नाही. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या पोटात, आतल्या अवयवांभोवती चरबी जास्त असू शकते, हे याज्ञिक यांच्या पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या कामातून पुढे आलं. त्यामुळे परदेशी शरीरांवर बसवलेलं सूत्र आपल्याला लावताना चूक कोणत्या बाजूला होईल हेही आधी सांगता येत नाही. सडपातळ माणसाला ते उगाच निर्धास्त करू शकतं.

मग टेप फेकून द्यायची का? अजिबात नाही. आपल्या अंगणवाडीत जा. ताईंकडे लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची दंडघेराची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या डाव्या दंडाच्या मधोमध ती लावतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ पिवळा. त्याच्या वर हिरवा. तीही साधी पट्टीच आहे, पण ती किती टक्के चरबी, किती टक्के स्नायू असलं काही सांगायला जात नाही. या बाळाला आत्ता मदत हवी का, एवढाच प्रश्न. तो प्रश्न अनेक देशांतल्या हजारो मुलांवर पडताळून पाहिलेला आहे, खांद्याचं हाड आणि कोपराचं हाड यांच्या बरोबर मध्ये मोजायचं हे ठरलेलं आहे, घट्ट ओढायची नाही हे शिकवलेलं आहे. म्हणून ती पट्टी जीव वाचवते.

मोठ्या माणसांनीही घरात टेप जरूर वापरावी. सकाळी पोट रिकामं असताना, कपड्यावरून न घेता अंगावर, श्वास सहज सोडून, रोज त्याच जागी, तीनदा मोजून मधलं माप धरावं. ते सेंटिमीटरमध्येच लिहावं, टक्क्यात बदलू नये. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर डॉक्टरांना दाखवून साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तीन महिन्यांनी त्याच हातानं, त्याच टेपनं मोजलं की कंबर वाढतेय की घटतेय ते कळतं. एवढं काम टेप इमानदारीत करते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र वयानुसारचे वाढीचे तक्ते असतात, ते आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनीच बघावेत.

इरावतीबाईंचं उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगतो, खरं तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुण्यात त्या स्कूटर चालवत, ज्या काळात बाईनं सायकलवर बसलं तरी लोक माना वळवून बघत. नवऱ्याला नावानं हाक मारत, आणि मुलं आईला इरू म्हणत. मुलं तिघं. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे लेखिका झाल्या, आनंद कर्वे शास्त्रज्ञ. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५३ सालचं, ते आजही अभ्यासलं जातं. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ हे ललित लेखसंग्रह ज्यांनी वाचले नसतील त्यांनी या सुट्टीत वाचावेत. पंढरीच्या वारीत त्या चालल्या आणि त्यावर लिहिलंही. त्या लेखनात वारकऱ्यांबद्दलचं प्रेम आहे, तसंच दिंड्यांत जातीप्रमाणे वेगळे राहणाऱ्या, वेगळं जेवणाऱ्या माणसांची बोचही आहे. वारीत मोजमापाचं एकही उपकरण त्यांच्या हातात नव्हतं. १९६७ मध्ये ‘युगान्त’ आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोयना धरणानं उठवलेल्या गावांच्या पाहणीचा अहवाल त्यांनी जाई निंबकरांबरोबर लिहिला, तो १९६९ चा. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ६४.

त्या आईला मी शाळेत बोलावून घेतलं, मुलीलाही. कवट्यांची गोष्ट आधी सांगितली, मग पाचवीच्या पोरांनी लिहिलेले माझ्या कंबरेचे सात आकडे दाखवले. मुलगी पहिल्यांदा हसली ती ८९ आणि ९५ बघून. अ‍ॅपमध्ये तिनं स्वतःच दोन्ही आकडे टाकून पाहिले. चक्कर येते म्हणून ग्रामीण भागात करतात तशी रक्ताची तपासणीही करायला सांगितली, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळ्या सुरू आहेत. रात्रीची भाकरीही सुरू झाली असं आई परवा बाजारात भेटली तेव्हा सांगत होती. टेप मात्र मी वर्गाच्या कपाटात ठेवून घेतली आहे. पुढच्या आठवड्यात पाचवीला व्हरांड्याची लांबी मोजायची आहे, सात जणांकडून.